खेळातले महावीर आणि घरातली मुले

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



‘मुलांचे व्हिडिओ गेम’ या विषयावर मी चार शब्द बोलावेत, असे चिटणीस साहेबांनी मला सांगितले, तेव्हा शिक्षकांच्या खोलीत थोडे हसणे झाले. वार्षिक मेळाव्यात शिष्यवृत्तीवर बोलावे, दहावीच्या निकालावर बोलावे, ते सोडून खेळावर काय बोलायचे? परंतु गेल्या काही वर्षांत पालक सभेत जेवढ्या तक्रारी माझ्या कानावर आल्या, त्यांत गणित आणि इंग्रजीच्या खालोखाल हाच विषय होता. म्हणून मी होकार दिला.

आपल्याकडे या विषयावर दोन मते आहेत. पहिल्या मताचे लोक म्हणतात, हे सगळे मुलांना बिघडवणारे आहे, घरात आणूच नका. दुसऱ्या मताचे लोक तोंडाने काही म्हणत नाहीत. ते मुलाच्या हातात मोबाईल देतात आणि आपल्या कामाला लागतात. मूल दोन तास गप्प बसले की त्यांना बरे वाटते. वरवर पाहता ही दोन मते एकमेकांच्या विरुद्ध आहेत. पण दोघांत एक गोष्ट सारखी आहे. मूल नेमके काय खेळते, हे दोघांनीही पाहिलेले नसते. आज मी आपणांस एक खेळ दाखवणार आहे. एकच खेळ घेऊ, तो नीट समजून घेऊ आणि मग बरेवाईट ठरवू.

मी निवडलेल्या खेळाचे नाव ‘लेगो मार्व्हल सुपर हीरोज’. तो २०१३ साली बाजारात आला. इंग्लंडमधील ट्रॅव्हलर्स टेल्स या कंपनीने तो तयार केला. टी.व्ही.ला जोडण्याच्या प्लेस्टेशन, एक्सबॉक्स यांसारख्या यंत्रांवर आणि संगणकावरही तो चालतो. आपल्या मोहल्ल्यांतील काही घरांत तो आहे, हे मला विद्यार्थ्यांकडूनच कळले. कुवेत, दुबई, दोहा येथून सुटीवर येणारे वडील किंवा मामू मुलांसाठी हे यंत्र घेऊन येतात आणि त्याबरोबर हा किंवा असा एखादा खेळ येतो.

‘लेगो’ म्हणजे काय, हे आधी सांगतो. डेन्मार्क देशात बिलुंड नावाचे गाव आहे. तेथील एका सुताराने, ओले कर्क ख्रिश्चनसेन यांनी, १९३२ साली लाकडी खेळणी करण्यास सुरुवात केली. ‘चांगले खेळा’ अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांवरून त्यांनी पुढे लेगो हे नाव घेतले. एकमेकांत घट्ट बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या ज्या विटा आज जगभर दिसतात, त्यांच्या रचनेचा एकाधिकार कंपनीने १९५८ साली मागितला. आठ टोपणांच्या सहा सारख्या विटा घेतल्या, तर त्या किती निरनिराळ्या प्रकारे जोडता येतील? गणितज्ञांनी मोजले, तेव्हा उत्तर आले ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५. विद्यार्थी मित्रहो, गणिताच्या तासाला कंटाळा येतो म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. सहा विटांत एवढे गणित दडलेले आहे.

या विटांचे जग पडद्यावर आणून त्यात प्रसिद्ध कथा गुंफण्याची रीत २००५ सालच्या ‘लेगो स्टार वॉर्स’पासून रूढ झाली. पुढे २००८ साली ‘लेगो बॅटमॅन’ आला. आरंभीच्या या खेळांत पात्रे बोलत नसत, नुसते हातवारे आणि हुंकार यांनी गोष्ट सांगत. २०१२ सालच्या दुसऱ्या ‘लेगो बॅटमॅन’पासून ती बोलू लागली. मार्व्हल ही अमेरिकेतील चित्रकथा छापणारी जुनी संस्था. स्पायडर-मॅन, आयर्न मॅन, हल्क, कॅप्टन अमेरिका ही तिची पात्रे मुलांना तोंडपाठ आहेत. स्पायडर-मॅन पहिल्यांदा १९६२ साली छापला गेला, म्हणजे तो आपल्यापैकी पुष्कळांच्या अब्बांच्या वयाचा आहे.

आता खेळातील कथा थोडक्यात सांगतो. सिल्व्हर सर्फर नावाचा एक अंतराळवासी आकाशातून चाललेला असतो. डॉक्टर डूम नावाचा दुष्ट माणूस त्याला पाडतो आणि सर्फरच्या फळीच्या विटा पृथ्वीवर विखुरतात. त्या विटांत अफाट शक्ती असते. डूम आणि त्याचा साथीदार लोकी त्या गोळा करण्यासाठी सगळे गुंड कामाला लावतात. इकडे निक फ्युरी नावाचा अधिकारी चांगल्या वीरांना हाक देतो. न्यूयॉर्कच्या रेल्वे स्थानकापासून सुरू होणारा हा पाठलाग पंधरा मुख्य प्रकरणांत पुरा होतो. अखेरीस पृथ्वीच गिळण्यास आलेल्या गॅलॅक्टस या राक्षसी शत्रूपुढे चांगले आणि वाईट दोन्ही पक्ष एक होतात, कारण घरच उरले नाही तर भांडायचे कुठे?

कथा अशी साधी आहे. ती गांभीर्याने सांगितलेली नाही. सगळा विनोदाचा मामला आहे. मारामारी आहे, हे मी लपवत नाही. परंतु रक्त नाही, जखम नाही, प्रेत नाही. पात्राला मार बसला की ते विटांचे तुकडे होऊन विखुरते आणि क्षणात पुन्हा उभे राहते. हरल्याची शिक्षा एवढीच की जमवलेली काही नाणी सांडतात, आणि चपळाई केली तर तीही पुन्हा उचलता येतात. म्हणून लहान मूलही रडकुंडीला न येता खेळू शकते.

युरोपात खेळांच्या डबीवर वयाचा आकडा छापण्याची ‘पेगी’ नावाची पद्धत २००३ साली सुरू झाली. तीत ३, ७, १२, १६ आणि १८ असे आकडे असतात. या खेळाला ७ चा आकडा मिळाला. अमेरिकेतील मंडळाने त्याला दहा वर्षे व त्यापुढील मुलांसाठी असे म्हटले. अमेरिकेत हे मंडळ कसे जन्मले, तेही ऐका. १९९३ साली काही फार हिंसक खेळ मुलांच्या हाती पडत असल्यावरून तेथील सिनेटमध्ये चौकशी झाली आणि १९९४ साली कंपन्यांना असे मंडळ नेमणे भाग पडले. म्हणजे पालकांनी प्रश्न विचारले, तेव्हा आकडा छापला गेला. आपण मात्र डबी उलटूनही पाहत नाही. औषधाच्या बाटलीवरची तारीख पाहतो, तसा हा आकडा पाहण्याची सवय करा. त्यासाठी इंग्रजी वाचता येण्याची गरज नाही, आकडा वाचता आला की पुरे.

आता या खेळाचे गुण सांगतो.

पहिला गुण असा की तो दोघांनी मिळून खेळता येतो. एकाच टी.व्ही.समोर, शेजारी बसून, दोन रिमोट घेऊन. दुसरा खेळाडू मध्येच येऊ शकतो आणि मध्येच उठून जाऊ शकतो, खेळ अडत नाही. अम्मीला चुलीवरची डाळ पाहायची असेल तर ती उठू शकते. या पहिल्या खेळात इंटरनेटवरून अनोळखी माणसाशी खेळण्याची सोयच नाही. मुलाच्या शेजारी जो बसला आहे, तोच त्याचा साथीदार.

दुसरा गुण, एकट्या वीराच्याने काही होत नाही. हल्क अवजड वस्तू उचलतो, पण उडू शकत नाही. आयर्न मॅन उडतो आणि चंदेरी वस्तू क्षेपणास्त्राने फोडतो. कॅप्टन अमेरिकाची ढाल एका ठिकाणी उपयोगी, स्पायडर-मॅनचे जाळे दुसऱ्या ठिकाणी. सर्वांत मला आवडलेली गोष्ट हल्कची. तो हिरवा, अक्राळविक्राळ, भिंती फोडणारा. पण एखाद्या यंत्राची कळ चालवायची वेळ आली की त्याला पुन्हा साधा, चष्मा लावलेला डॉक्टर बॅनर व्हावे लागते. ताकदीने दार मोडते, पण यंत्र समजून घ्यायला शिकलेला माणूस लागतो. ही गोष्ट मुलांना आम्ही फळ्यावर लिहून सांगतो, तेव्हा ती कंटाळतात. खेळात ती त्यांना स्वतः करावी लागते.

तिसरा गुण, मोडणे आणि जोडणे. वाटेत अडथळा आला की मूल आसपासच्या वस्तू फोडते आणि त्यांच्याच विटांतून शिडी, पूल, यंत्र असे काहीतरी उभे करते. कोडे सुटेपर्यंत पुढचे दार उघडत नाही. एकदा पुरे केलेले प्रकरण पुन्हा दुसरी पात्रे घेऊन खेळता येते आणि पहिल्या वेळी न उघडलेली दारे तेव्हा उघडतात. धडा दुसऱ्यांदा वाचला की नवे काही सापडते, हा अनुभव आमच्या विद्यार्थ्यांना पुस्तकांतही यावा, अशी माझी इच्छा आहे.

आता दोष. गुण सांगून दोष न सांगणे हे दुकानदाराचे काम, शिक्षकाचे नव्हे.

या खेळात रस्त्यावरचा दिवा, बाक, झाड, जे दिसेल ते फोडले की नाणी मिळतात. रुपेरी नाणे दहाचे, सोनेरी शंभराचे, निळे हजाराचे आणि जांभळे दहा हजाराचे. मूल कथा विसरून नाणी वेचत बसते. जमवण्याची हाव हा या खेळातला सगळ्यांत चिकट भाग आहे. शिवाय पात्रे शंभराहून अधिक. सगळी मिळवायची म्हटली तर महिने जातात. दुसरे म्हणजे काही जादा पात्रे आणि प्रकरणे कंपन्या मागाहून वेगळे पैसे घेऊन विकतात. ती घेतली नाहीत तरी मूळ खेळ पुरा होतो, हे मुलांना ठाम सांगावे. तिसरे, सगळे बोलणे इंग्रजी. उर्दू किंवा मराठी माध्यमातल्या मुलाला अर्धे विनोद कळत नाहीत. मात्र पडद्याखाली संवाद लिहून येतात. माझ्या वर्गातील एका मुलाने त्यातून वीस-पंचवीस शब्द वहीत उतरवून माझ्याकडे अर्थ विचारायला आणले होते. दोषाचा असाही उपयोग होतो.

आणखी एक आक्षेप मला काही बुजुर्गांनी ऐकवला. या कथांत थॉर आणि लोकी यांना जुन्या नॉर्स लोकांच्या पुराणातून आणले आहे, त्यांना देव म्हटले आहे, जादू आहे. मुलांच्या मनावर याचा काय परिणाम होईल? आक्षेप मनापासूनचा आहे, म्हणून उत्तरही आदराने देतो. आपल्या दादी-नानींनी आपल्याला कोणत्या गोष्टी सांगितल्या? अमीर हमजाची दास्तान सांगितली. तीत जादूगार आहेत, देव-जिन्न आहेत, तिलिस्म आहेत. उमर अय्यारची झंबील नावाची पिशवी आठवा. तीत सारे जग मावत असे, हवी ती वस्तू हात घातला की बाहेर येत असे. अकबर बादशहाला ही दास्तान इतकी प्रिय होती की त्याने १५६२ च्या सुमारास तिची चित्रे काढून घ्यायला सुरुवात केली. मीर सय्यद अली आणि अब्दुस्समद यांच्या देखरेखीखाली सुमारे पंधरा वर्षे काम चालले आणि चौदाशेच्या आसपास मोठाली चित्रे तयार झाली. पुढे लखनौच्या नवल किशोर छापखान्याने उर्दूत तिचे ४६ जाडजूड खंड काढले. दिल्लीचे अखेरचे नामवंत दास्तानगो मीर बाकर अली १९२८ साली वारले, तोवर लोक रात्र-रात्र बसून हे ऐकत असत. या दास्तानीने कोणाचा अकीदा बिघडला नाही, कारण ऐकणाऱ्याला ठाऊक होते की ही दास्तान आहे. सांगणारा माणूस समोर बसलेला होता, मुलाने प्रश्न विचारला तर उत्तर देणारा होता. वीरांच्या गोष्टींचे वेड आपल्याला परदेशातून आलेले नाही. आज फरक एवढाच पडला आहे की गोष्ट सांगणारे यंत्र आहे, आणि शेजारी बसणारे कोणी नाही. ती जागा भरली की आक्षेप पुष्कळसा मिटतो.

आता मी मुलींच्या आयांकडे वळतो, कारण हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो.

याच मालिकेत पुढे २०१६ साली ‘लेगो मार्व्हल्स ॲव्हेंजर्स’ आणि २०१७ साली ‘लेगो मार्व्हल सुपर हीरोज २’ असे खेळ आले. त्यांत मिस मार्व्हल नावाचे एक पात्र आहे. तिचे खरे नाव कमाला खान. अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या जर्सी सिटीत राहणारी, पाकिस्तानातून तेथे गेलेल्या मुसलमान कुटुंबातली ही शाळकरी मुलगी. ती पहिल्यांदा २०१३ साली चित्रकथेत दिसली आणि २०१४ च्या फेब्रुवारीत तिची स्वतंत्र मालिका सुरू झाली. मार्व्हलच्या संपादक सना अमानत आणि लेखिका जी. विलो विल्सन या दोघी मुसलमान स्त्रियांचा तिच्या निर्मितीत मोठा वाटा आहे. चित्रे एड्रियन अल्फोना यांची. तिच्या पहिल्या पुस्तकाला २०१५ साली ह्यूगो पुरस्कार मिळाला. २०२२ साली तिच्यावर दूरचित्रवाणी मालिकाही निघाली.

कमालाच्या घरी कडक पण प्रेमळ वडील आहेत, काळजी करणारी आई आहे, दीनदार भाऊ आहे. तिला शक्ती मिळते, तेव्हा सुरुवातीला तिला वाटते की वीर व्हायचे तर गोरे, सोनेरी केसांचे व्हायला हवे, आणि ती तसे रूप घेते. हळूहळू तिला उमगते की दुसऱ्याचे रूप अंगाला बसत नाही. मग ती आपल्याच रूपात राहून लोकांच्या मदतीला धावते आणि आपल्या बुर्किनीचाच पोशाख करते. विद्यार्थिनींनो, ही गोष्ट नीट ध्यानात घ्या. शहरात पुढे शिकायला गेल्यावर तुमच्यापैकी कित्येकींना आपली बोली, आपले नाव, आपले गाव लपवावेसे वाटेल. तेव्हा ही गोष्ट आठवा.

पण पालक हो, मी पाहतो की ज्या घरांत हा खेळ आहे, तेथे बहुधा भाऊ खेळतो आणि बहीण बघते. दोन रिमोट असतात, दुसरा चुलतभावासाठी राखून ठेवलेला असतो. बहिणीने मागितला तर ‘हे मुलांचे खेळ आहेत’ असे उत्तर मिळते. माझ्या वर्गात एका मुलीला खेळातली सगळी कोडी तोंडपाठ होती. कुठे काय फोडायचे, कोणता वीर कुठे आणायचा, सगळे. मी विचारले, तू किती दिवस खेळतेस? ती म्हणाली, “सर, मी खेळत नाही, भाईला सांगते.” मित्रहो, या उत्तराने मी अस्वस्थ झालो. ज्या मुलीला कोडे सुटते, तिच्या हातात रिमोट नाही. आज रिमोट नाही, उद्या विज्ञान शाखेचा अर्ज नाही, परवा वसतिगृहाची परवानगी नाही. सुरुवात लहानशा गोष्टीपासून होते. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की घरात दोन रिमोट असतील तर दुसरा मुलीचा समजा.

आता मोबाईलविषयी. डबीतला खेळ एकदा विकत घेतला की संपले. मोबाईलवरचे पुष्कळ खेळ फुकट मिळतात आणि तेथेच खरा धोका आहे. दोन वर्षांपूर्वी एक पालक भगिनी शाळेत आल्या. पती आखातात. त्यांच्या मोबाईलवरून मुलाने एका खेळात हत्यारे आणि कपडे विकत घेण्यात महिन्याच्या घरखर्चातली मोठी रक्कम उडवली होती. त्या ओरडल्या नाहीत, रडल्याही नाहीत. एवढेच म्हणाल्या, “गुरुजी, याच्या अब्बांना मी काय सांगू? ते तिकडे पन्नास अंश उन्हात उभे असतात.” आठवीतला तो मुलगा बाजूला उभा होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आले. आपण पैसे खर्च करतो आहोत, हे त्याला बटण दाबताना जाणवलेच नव्हते. खेळातली नाणी आणि बापाच्या घामाचा पैसा यांतला फरक त्या पडद्यावर दिसतच नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला, ही चांगली गोष्ट झाली. जुगार तो जुगारच, मग तो पत्त्यांवर असो की मोबाईलवर. परंतु खेळातल्या वस्तू विकत घेण्याची वाट त्या कायद्याने बंद होत नाही. ती वाट घरातच बंद करावी लागते. पैशाच्या व्यवहाराचा गुप्त आकडा मुलांना सांगू नये आणि ज्या मोबाईलवर बँकेचे खाते आहे, तो खेळण्यास देऊ नये.

खेळाचे व्यसन लागते काय? लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली ते आजारांच्या यादीत घेतले आणि ती यादी २०२२ पासून लागू झाली. परंतु जास्त खेळणारा प्रत्येक मुलगा आजारी, असे संघटना म्हणत नाही. स्वतःवर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला अधिक महत्त्व देणे, आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, या तीन खुणा साधारण बारा महिने दिसल्या आणि शाळा, घर, मित्र यांवर स्पष्ट परिणाम झाला, तर तो आजार मानतात. अशा खुणा दिसल्या तर मुलाला मारू नका, डॉक्टरांकडे न्या.

आता काही साध्या सूचना करतो. यांना खर्च लागत नाही.

यंत्र बैठकीच्या खोलीत ठेवावे, मुलाच्या खोलीत किंवा माळ्यावर नको. जेथे दादी बसते, तेथे ठेवावे.

वेळ घड्याळापेक्षा प्रकरणाने ठरवावी. या खेळात एक प्रकरण साधारण अर्ध्या-पाऊण तासात पुरे होते. मध्येच बटण बंद केले तर केलेला काही भाग पुन्हा करावा लागू शकतो, आणि मग मूल हट्ट करते. आपल्याला वाटते मूल उर्मट झाले. वास्तविक त्याची मेहनत वाया गेलेली असते. ‘एक प्रकरण, मग बंद’ असा करार आधीच केला तर भांडण होत नाही. करार झाल्यावर मात्र मुलाने मोडू नये आणि बापानेही मोडू नये.

शाळेचा अभ्यास, नमाजची वेळ, जेवण आणि झोप यांच्या आड खेळ येऊ नये. संध्याकाळी मैदानावर गेल्याशिवाय पडद्यासमोर बसू नये.

आणि शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची. महिन्यातून निदान दोनदा आई किंवा वडिलांनी दुसरा रिमोट हातात घ्यावा. आपल्याला येणार नाही. आपला वीर खड्ड्यात पडेल, भिंतीवर आपटेल, मूल पोट धरून हसेल. हसू द्या. घरात एक तरी जागा अशी असावी की जेथे मूल शिकवते आणि बाप शिकतो. ज्या मुलाने बापाला हात धरून एक प्रकरण पार करवले, ते मूल उद्या वर्गात काय घडले, कोणी छळले, कोणती भीती वाटते, हेही त्याच बापाला सांगेल.

आखातात असलेल्या बंधूंसाठी एक शब्द. हे भाषण स्मरणिकेत छापले जाणार आहे आणि स्मरणिका तुमच्यापर्यंत पोहोचते, हे मला माहीत आहे. तुम्ही दोन वर्षांनी येता, मुलासाठी महागडे यंत्र आणता, कारण दूर राहिल्याची भरपाई करावीशी वाटते. त्या प्रेमाविषयी मला आदर आहे. पण सुटी पंचेचाळीस दिवसांची असते. त्यातल्या थोड्या संध्याकाळी त्या यंत्रासमोर मुलांबरोबर बसा. तुम्ही परत गेल्यावर मूल तोच खेळ लावील आणि म्हणेल, या पुलावरून अब्बा तीनदा पडले होते. मग फोनवर बोलायला दोघांनाही काहीतरी राहील. नाहीतर ‘अभ्यास करतोस ना?’ आणि ‘हो’, यापलीकडे संभाषण जात नाही, हे तुम्हीही जाणता.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हाला मी उपदेश करणार नाही, वर्गात रोज करतोच. एक विचारतो. या खेळातला वीर लोक संकटात असल्याची हाक आली की हातातले काम टाकून धावतो. तुम्ही रिमोट हातात धरून बसलेले असता आणि अम्मी आतून विहिरीवरून पाण्याच्या कळशा आणण्यासाठी हाक मारते. ती हाक ऐकू आली की खेळ थांबवणारा मुलगा कोणता आणि ‘पाच मिनिटं’ म्हणणारा कोणता, हे तुमचे तुम्हीच ठरवा.

संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना माझी एक नम्र सूचना आहे. आपल्या वाचनालयात चित्रकथांचे एक कपाट असावे. त्यात अमीर हमजाही असावा आणि कमाला खानही असावी. जो वीर मुलांना पडद्यावर भेटला, तो पुस्तकात भेटला तर मुले कपाटापर्यंत येतील, आणि एकदा आली की शेजारच्या कपाटाकडेही वळतील. या वर्षी जमले तर पन्नास पुस्तकांनी सुरुवात करावी. पहिली पाच मी देईन.



खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.